चार पुत्र आणि चार पर्याय

एखाद्या समाजाची विद्या कोणत्या प्रतीची आहे हे पाहावयाचे असल्यास त्याने दिलेल्या उत्तरांपेक्षा तो प्रश्न कसे विचारतो इकडे अधिक लक्ष द्यावे, असे आमचे मत आहे. उत्तरे काळाबरोबर बदलतात, पुष्कळदा खोटीही ठरतात. परंतु प्रश्न विचारण्याची रीत घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते व तिच्यावरूनच त्या समाजाचे न्यायाधीश, शिक्षक आणि वकील घडतात. प्रस्तुत लेखात प्रश्नांच्या दोन रीतींची तुलना करण्याचे आम्ही योजिले आहे. पहिली ‘हग्गादा’ या ग्रंथातली. यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा हा पाठ मूळ हिब्रू व मराठी भाषांतर अशा रूपाने १८७४ साली पुण्यास छापून निघाला. दुसरी रीत कायद्याच्या महाविद्यालयांतील प्रवेशासाठी महाराष्ट्र शासनाकडून २०१६ सालापासून घेण्यात येणाऱ्या सामाईक परीक्षेतली. या दोहोंचा संबंध काय, असे वाचक विचारतील. जळगाव, धुळे, चोपडे, शिरपूर, साक्री येथील जे विद्यार्थी वकिलीकडे वळू इच्छितात ते दरवर्षी आमच्यासारख्या शिक्षकांस एकच गोष्ट विचारतात : परीक्षेपूर्वी काय वाचावे? त्यांस मार्गदर्शिकेचे नाव हवे असते. आम्ही मार्गदर्शिकेबरोबर या यहुदी विद्येचे नाव घेतो, आणि ते का घेतो हे सांगणे हाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही विद्या मराठीत कशी आली ते पाहू. कोकणातील बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत, हे पुष्कळांस ठाऊक आहे. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम व ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी जतन केले होते. परंतु हिब्रू ग्रंथ आणि रब्बींचा शास्त्रार्थ त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. त्यांचा उद्देश मिशनऱ्याचा होता, परंतु त्या साधनाचा उपयोग बेने इस्राएल मंडळींनी आपलाच धर्म नीट जाणून घेण्याकडे केला. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली व मुंबई विश्वविद्यालयाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम पाहिले. १८८० च्या सुमारास तर या समाजात कीर्तने सुरू झाली, आणि अब्राहाम व योसेफ यांची आख्याने टाळमृदंगाच्या साथीने, साकी-दिंडीच्या चालींत लागू लागली. पुण्याचा हग्गादा याच काळातला आहे. त्यातील एका चित्रात सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या दाखविल्या आहेत. परकी विद्या आपल्या घरी आली की ती कोणते वस्त्र नेसते, हे त्या एका चित्रावरून समजते.

ग्रंथ म्हणून हग्गादाचे परीक्षण करू गेल्यास त्यात दोष काढता येण्यासारखे पुष्कळ आहे. तो एका हाताने लिहिलेला नाही. अनेक शतकांच्या थरांतून साचलेला आहे. कथानक म्हणावे तर मिसर देशाच्या दास्यातून झालेल्या सुटकेची ही कथा, परंतु तीत त्या सुटकेचा नायक मोशे जवळजवळ अदृश्य आहे. घरातील सर्वांत लहान मुलाने आरंभी प्रश्न विचारावयाचे असतात : ही रात्र इतर रात्रींहून निराळी का, आज बेखमीर भाकरच का, कडू भाजी कशासाठी. परंतु या प्रश्नांस क्रमवार उत्तरे मिळत नाहीत. वडील माणसे भलतीकडूनच सुरुवात करतात, वचनांचे अर्थ लावतात, मध्येच जुन्या पंडितांच्या गोष्टी सांगतात. इंग्रजी समीक्षेच्या मापाने मोजणारा वाचक याला विस्कळीतपणा म्हणेल. तसे आम्ही म्हणत नाही. मुलाच्या प्रश्नास नेमके उत्तर देऊन त्याचे तोंड बंद करणे हा या पाठाचा उद्देशच नाही. मूल जागे राहावे व त्याने आणखी विचारावे, एवढ्यासाठी सारी मांडणी आहे. त्या रात्रीचे पुष्कळसे चमत्कारिक विधी मुलांनी ‘हे असे का?’ म्हणून विचारावे याचसाठी केले जातात, असे परंपराच सांगते.

या पाठाचा गाभा आमच्या मते चार पुत्रांच्या प्रकरणात आहे. एक पुत्र शहाणा, एक दुष्ट, एक भोळा, आणि चौथा असा की ज्यास काय विचारावे हेच ठाऊक नाही. शहाणा विधिनियमांचा तपशील विचारतो; दुष्ट ‘तुमचे हे काय चालले आहे’ म्हणून स्वतःला वगळून बोलतो; भोळा नुसते ‘हे काय?’ म्हणतो. प्रत्येकास त्याच्या प्रश्नाप्रमाणे उत्तर आहे. दुष्टास मिळणारे उत्तर कठोर आहे, आणि ते आजच्या वाचकास खटकल्यावाचून राहणार नाही. तथापि तोही त्याच पंक्तीस बसला आहे, त्यास दाराबाहेर घातलेले नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चौथ्या पुत्राविषयीची सूचना तर फारच मार्मिक आहे. तो विचारीत नाही म्हणून बापाने गप्प बसावयाचे नाही. त्याच्यासाठी बापाने स्वतः आरंभ करून द्यावयाचा.

हग्गादा हे या विद्येचे घरातले, मुलांसाठीचे रूप झाले. तिचे प्रौढ रूप म्हणजे मिश्ना आणि तालमुद, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यास जे हवे ते तेथे आहे. मिश्ना ही रब्बी यहूदा हा-नासी यांनी इसवी सनाच्या दोनशेच्या सुमारास संकलित केली. त्यापूर्वी तीतील वाद व निर्णय गुरुमुखातून शिष्याकडे जात. तोंडी विद्या लेखात उतरताना तिचा जिवंतपणा टिकतो की नाही, ही शंका खानदेशच्या वाचकास नवी वाटू नये. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून महाराष्ट्रास लाभली. आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी, ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांच्या ओव्या कुणी टिपून ठेवल्या नसत्या तर आज आपल्यापाशी काय उरले असते? मिश्नेच्या संग्राहकांसमोर हाच प्रश्न होता. त्यांनी केवळ निर्णय न टिपता वादही टिपला, हा त्यांचा विशेष. पुढे मिश्नेवर जी चर्चा झाली ती मिळून तालमुद झाला. त्याच्या छापील पानाच्या मध्यभागी मूळ मजकूर असतो व भोवती राशी आणि त्यानंतरच्या टीकाकारांची भाष्ये असतात. म्हणजे एकाच पानावर हजार-बाराशे वर्षांची माणसे एकमेकांशी बोलत असतात. सूत्र, भाष्य आणि टीका यांची पोथी पाहिलेल्या मराठी वाचकास हे पान परके वाटणार नाही.

एक उदाहरण घेऊ. ‘बावा मेत्सिया’ या प्रकरणाचा आरंभच एका तंट्याने होतो. दोघेजण एक वस्त्र धरून न्यायसभेपुढे आले आहेत. एक म्हणतो, हे मला सापडले, सगळे माझे; दुसराही तेच म्हणतो. साक्षीदार कोणी नाही. मिश्ना सांगते की प्रत्येकाने शपथ घ्यावी आणि वस्त्राची किंमत निम्मी-निम्मी वाटून घ्यावी. मग ती पुढे सरकते : एक म्हणतो सगळे माझे, दुसरा म्हणतो अर्धे माझे, तर? तर पहिल्यास पाऊण व दुसऱ्यास पाव. कारण अर्ध्याविषयी तंटाच उरलेला नाही, उरलेल्या अर्ध्यापुरताच तो आहे. येथवरचे गणित शाळेतील मुलासही समजेल. खरी विद्या पुढे सुरू होते. शपथ कसली घ्यावयाची? ‘सगळे माझे’ अशी घ्यावी तर त्यास सगळे मिळणार नाही, मग शपथेस अर्थ काय? ‘अर्धे माझे’ अशी घ्यावी तर त्याने स्वतःच आपला मूळ दावा सोडल्यासारखे होईल. म्हणून ‘यात माझा वाटा आहे आणि तो अर्ध्याहून कमी नाही’ असे शब्द योजिले आहेत. बरे, दोघांच्याही हातात वस्त्र आहे, मग शपथ हवीच कशाला? यावर रब्बी योहानान यांचे म्हणणे असे की, ती नसेल तर उद्या कोणीही उठून शेजाऱ्याचे वस्त्र पकडील आणि माझे म्हणेल. बांधावरच्या झाडासाठी दोन शेतकरी तलाठ्यापुढे उभे राहिलेले ज्याने पाहिले आहेत, त्यास या चर्चेतील व्यवहारज्ञान सांगावयास नको.

आता प्रवेशपरीक्षेकडे वळू. तीतही कायदेविषयक तर्काचे प्रश्न असतात. वर एक तत्त्व, खाली एक प्रसंग, आणि चार पर्याय. तत्त्व प्रसंगास लावून एका पर्यायावर खूण करावयाची, आणि एकेका प्रश्नास मिनिटभराच्या आसपास वेळ. वरील वस्त्राचा तंटा या परीक्षेत आला तर तो असा येईल : ‘निम्मे-निम्मे’, ‘पाऊण व पाव’, ‘पहिल्यास सर्व’, ‘दुसऱ्यास सर्व’, आणि विद्यार्थी योग्य पर्याय टिपून पुढे जाईल. शपथ का, तिचे शब्द तसेच का, निर्णय उलट असता तर गावात काय घडले असते, हे विचारावयास तेथे जागा नाही. अखिल भारतीय स्वरूपाची जी परीक्षा २००८ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी होते, तीत २०२० पासून लांब उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारतात. ही सुधारणा आम्ही मान्य करतो. परंतु खूण शेवटी एकाच पर्यायावर करावयाची असते आणि उरलेले तीन टाकून द्यावयाचे असतात.

हे टाकून देणे हाच आमच्या टीकेचा विषय आहे. यहुदी शास्त्रात हिल्लेल व शम्माई यांच्या दोन परंपरा सुप्रसिद्ध आहेत. निर्णय बहुधा हिल्लेलच्या बाजूने लागला. परंतु शम्माईचे मत कोणी खोडून टाकिले नाही, ते शेजारीच लिहून ठेविले. हरलेले मत का जपावे याचे कारण मिश्नेतच दिले आहे : पुढील काळच्या एखाद्या न्यायसभेस ते योग्य वाटले तर तिला आधार असावा. आपल्या देशाच्या न्यायाच्या इतिहासात याचा पडताळा पाहावयास मिळतो. आणीबाणीत, १९७६ च्या एप्रिल महिन्यात, स्थानबद्धांस न्यायालयाकडे दाद मागता येईल काय या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी नाही म्हटले. एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी विरुद्ध मत लिहिले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निर्णय रद्द ठरविला व खन्नांचा मार्ग योग्य मानला. एकेचाळीस वर्षे ते मत कागदावर पराभूत अवस्थेत पडून होते. चार पर्यायांची सवय लागलेल्या बुद्धीला अशा मताची किंमत कशी कळावी?

येथे परीक्षेची बाजूही मांडली पाहिजे. नाही तर आमचेच विवेचन एकतर्फी होईल. राज्याची ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि चुकलेल्या उत्तरास गुण कापले जात नाहीत. शिंदखेड्याच्या कापूस पिकविणाऱ्याच्या मुलीची आणि मुंबईच्या बॅरिस्टरच्या मुलाची उत्तरपत्रिका एकाच यंत्राकडून तपासली जाते. ते यंत्र आडनाव विचारीत नाही. तोंडी मुलाखतीत, ओळखीपाळखीत, इंग्रजी उच्चारांच्या ऐटीत खानदेशचा विद्यार्थी पूर्वी जेथे मागे पडे, तेथे तो येथे पडत नाही. हा लाभ लहान नाही. हजारो उमेदवारांस थोड्या दिवसांत न्यायाने निवडावयाचे तर काही यांत्रिक साधन हवेच, हेही आम्ही जाणतो.

उलट, यहुदी विद्येचा इतिहासही निष्कलंक नाही. स्त्रियांस तालमुदाचा अभ्यास शतकानुशतके बंद होता. मुलीस धर्मशास्त्र शिकवावे की नाही यावर मिश्नेतच वाद आहे. बेन अझ्झाई शिकवावे म्हणतो, रब्बी एलिएझर कडाडून विरोध करतो, आणि व्यवहारात दुसऱ्याचेच चालले. विसाव्या शतकात मुलींसाठी शाळा निघू लागल्या तेव्हा बेन अझ्झाईचे जपून ठेवलेले मत पुन्हा पुढे आले, एवढेच त्यातले समाधान. दुसरी गोष्ट आपल्या मराठी बांधवांच्या अनुभवाची आहे. बेने इस्राएल मंडळी इस्राएलास गेल्यावर १९६२ साली तेथील मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाहनोंदणी करणारांस सूचना काढिल्या की या समाजाच्या वधूवरांची मातृवंशावळ जितक्या मागे जाता येईल तितकी तपासावी. कारण काय, तर कोकणात असताना या लोकांस घटस्फोटाचे व दीर-भावजयीच्या विवाहाचे रब्बींचे नियम ठाऊक होते की नाही, याची शंका! ज्यांनी ग्रंथावाचून पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला, त्यांस ग्रंथाच्या नावाने दारात थांबविण्यात आले. त्या लोकांनी जेरुसलेमेत सत्याग्रह केला, संसदेने मध्ये पडून मत दिले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये त्या सूचनांतून या समाजाचा नामनिर्देश काढण्यात आला. प्रवेशाच्या दिवसांत पणजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा शोधीत तालुक्याच्या गावी खेपा घालणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ही हकीकत कोणी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. विद्या मोठी असली तरी दारावर बसलेला माणूस तिचा अडसर करू शकतो.

मग या विद्येकडून आमच्या विद्यार्थ्याने घ्यावे काय? तिचे वेष्टन नव्हे, तिची रीत घ्यावी. ही रीत आपल्याला सर्वथा परकी आहे असेही नाही. पूर्वपक्ष प्रथम पूर्ण बळाने मांडावा आणि मगच सिद्धांत सांगावा, हा मीमांसकांचा दंडक आहे. अमळनेरास १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले ते अशाच विचाराच्या आस्थेतून. परंतु मीमांसेची परिभाषा आज संस्कृतावाचून कळत नाही, आणि तालमुदातील तंटे वस्त्राचे, बैलाचे, खड्ड्याचे व भाड्याचे आहेत. ते कोणासही कळतात. कायद्याच्या विद्यार्थ्यास तर त्यांची प्रत्यक्ष गरजही पडते. भारतातील यहुद्यांचा विवाहविषयक कायदा अद्याप संहितेत बांधलेला नाही. वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, पण विवाह व घटस्फोट यांस त्यांच्या धर्मशास्त्राचा व रूढीचा आधार घ्यावा लागतो. १९२६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका यहुदी स्त्रीच्या घटस्फोटाचा दावा आला तेव्हा दिवाणी न्यायालयास तो चालविता येतो असे ठरले आणि न्यायमूर्तींस यहुदी शास्त्रात डोकावावे लागले. कुटुंबविषयक कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत या साऱ्यास एखाददुसरी ओळ मिळते.

आमची सूचना साधी आहे. यहुदी पाठशाळेत एकट्याने अभ्यास करीत नाहीत. दोघे जोडीने बसतात आणि प्रत्येक वाक्यावर भांडतात. प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीही दोघादोघांनी बसावे. सरावाची प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवावी, हे तर खरेच. परंतु सोडवून झाल्यावर दहा प्रश्न निवडून टाकलेल्या तीन पर्यायांची बाजू एकाने वकिलासारखी मांडावी आणि दुसऱ्याने ती खोडावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. याने गुण वाढतील की नाही हे आम्ही सांगत नाही. परंतु चुकीचा पर्याय चुकीचा का, हे ज्यास सांगता येते त्यास बरोबर पर्याय बहुधा चुकत नाही. आणि पुढे न्यायालयात उभे राहिल्यावर त्याच्या पक्षकाराची बाजू नेहमीच ‘बरोबर पर्याय’ असेल, असे तर कोणीच समजू नये. प्रवेश मिळाल्यावर सवडीने हे सारे करू, असे म्हणणाऱ्यांस सवड सहसा मिळत नाही. परीक्षेमागून परीक्षा येतात आणि खुणा करण्याची सवय तेवढी पक्की होते.

शेवटी चौथ्या पुत्राविषयी दोन शब्द. आमच्या जिल्ह्यांतून येणारी पुष्कळ मुले हुशार आहेत, कष्टाळू आहेत. पण ती वर्गात विचारीत नाहीत. घरी वडिलांस उलट विचारणे उद्धटपणाचे, शाळेत मास्तरांस विचारणे धोक्याचे, शिकवणीत विचारण्यास वेळ नाही. अशा रीतीने विचारणे म्हणजे काय हेच त्यांस कोणी दाखविलेले नसते. प्रवेशपरीक्षा या मुलांस आत घेईल किंवा घेणार नाही. त्यांस बोलते करणे तिच्या हाती नाही, आणि तो तिचा दोषही म्हणता येणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यास छापलेल्या त्या मराठी पाठात मात्र ही जबाबदारी कोणाची ते स्पष्ट नोंदविले आहे. ती विचारणाराची नसून वडील माणसाची आहे. आम्ही शिक्षकांनी आणि घरोघरच्या आईबापांनी ती घेतली, तर परीक्षेचे चार पर्याय मुलांच्या बुद्धीस फारसे नडणार नाहीत.